पालथी घातलेली भांडी

११ जानेवारी, रविवार.

खिडक्यांच्या जाळ्या काढून सोड्याच्या पाण्यात भिजत घातल्यात. भेटायला येणारे आता कमी झालेत. तुझी शोभाताई काल दिव्याला परत गेली, प्रज्ञा आज सकाळी ठाण्याला तिच्या घरी गेली. उद्यापासून जेवणाचे डबे पुन्हा सुरू करतेय, सगळ्यांना तसे मेसेज गेलेत. म्हणजे जाळ्यांना आजचाच दिवस होता. कारखान्यांची काळी धूळ एवढी बसली होती की बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. तू असतास तर म्हणाला असतास, थांब, धुवायच्या आधी एक फोटो घेतो. आणि मी म्हटलं असतं, घे, पण मग धू तूच.

जाळ्या भिजेपर्यंत हे तुला लिहितेय. एक गोष्ट उद्या सकाळपर्यंत ठरवायचीय आणि ती तुझ्याशी बोलल्याशिवाय ठरत नाहीये. एरवी मी कुठली गोष्ट तुला विचारून ठरवली, असं तू म्हणशील. म्हण.

शुक्रवारी देवधरांचा फोन आला. तुमच्या ठाण्याच्या फोटो क्लबचे सचिव. आधी वाईट वाटल्याचं बोलले, नीट बोलले, लांबवलं नाही. मग म्हणाले की वार्षिक प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे, दाराशी एक वेगळा बोर्ड लावायचा विचार आहे. वर तुझा फोटो, त्याला हार, आणि खाली तू काढलेला एक फोटो. बोर्ड सोमवारी करायला जाणार, तेव्हा सकाळपर्यंत होकार कळवा, आणि फोटोला काही नाव द्यायचं असेल तर तेही सांगा.

मी एकच विचारलं. यंदाच्या निवडीत त्याचा फोटो होता का?

"नाही वहिनी. परीक्षक बाहेरचे असतात, नावं झाकलेली असतात. आमच्या हातात काही नसतं. पण आता..."

"पण आता तो गेला."

"तसं नाही वहिनी."

मी म्हटलं, सोमवारी सांगते. फोन ठेवल्यावर मला एवढा राग आला की मी भाजीची जुडी तशीच बाजूला टाकली. दरवर्षी तू तिथे फोटो नेऊन द्यायचास. दरवर्षी तो परत यायचा. जिवंतपणी तुला आतल्या भिंतीवर वीतभर जागा मिळाली नाही, आणि आता दाराशी अख्खा बोर्ड.

ही जागा तुला किती हवी होती, ते मला ठाऊक आहे. तू कधी तसं बोलला नाहीस. पण निकालाच्या दिवशी तू पांढरा शर्ट घालून जायचास, आणि आल्यावर न बोलता जेवायचास. मी विचारायचे, काय म्हणाले? तू म्हणायचास, छान आहे म्हणाले, पण यात विषय काय, असं विचारत होते. मग ताट उचलता उचलता, बघू पुढच्या वर्षी. बास. तेवढंच.

विषय काय, हे मीही विचारलंय तुला. पण मी घरातली. मला विचारायचा हक्क होता.

आयुष्यभर तू रंगाच्या कारखान्यात शेड जुळवलेस. गिऱ्हाइकाने दिलेल्या तुकड्याशी आपलं कापड जुळतंय का, ते उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून नुसत्या डोळ्यांनी सांगायचं. उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही, असं तुमच्याकडे सगळेच म्हणत. हे घर घ्यायला आलो तेव्हा मी सगळे नळ सोडून पाण्याचा जोर बघत होते, आणि तू स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभा राहून म्हणालास, घेऊन टाकू. एजंटला वाटलं तू दिशा बघतोयस. तो लगेच सुरू झाला, साहेब, उत्तर म्हणजे कुबेराची बाजू, घरात पैसाच पैसा. तू मान डोलावलीस. खाली आल्यावर मला म्हणालास, ओट्यावर काय उजेड पडतोय बघितलंस? मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर पाणी बरं चढतंय. दोघांचंही समाधान झालं म्हणून घर घेतलं.

आणि एवढे रंग ओळखणारा माणूस, कॅमेरा हातात आला तर फोटो काळे-पांढरे काढायला लागला. कारखान्यातल्या कुणीतरी विकलेला जुना कॅमेरा. मी म्हटलं, रंगीत काढ की जरा, लोकांना बघावंसं तरी वाटेल. तर म्हणे, दिवसभर रंगांशी भांडून येतो, घरी तरी डोळ्यांना सुट्टी दे.

माणसांचे फोटो तू काढत नसायचास. लग्नाकार्यात कुणी बोलावलं तर पाठ दुखतेय म्हणून सांगायचास. तुला लागायचं ते म्हणजे दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी. जिन्यातला पॉलिश गेलेला कठडा. इस्त्रीवाल्याच्या टेबलावरचं जळकं कांबळं. सावंतवहिनींच्या दारातल्या चपलांचा फोटो तू सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी टाकलास, सगळ्यांचे सूर्योदय आणि गुलाब येत होते त्यांच्यामध्ये. त्या जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, भावजी, आधी सांगायचं ना, चांगल्या काढून ठेवल्या असत्या. मग रोज ग्रुपवर खेळच झाला, आजचं कुणाच्या घरचं ते ओळखायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांना आपल्याच बादलीचा कान ओळखता आला नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं.

आणि ते एरंडेल. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते म्हणून तुला कुणीतरी सांगितलं की कॅमेरा तांदळात ठेव, तांदूळ ओल ओढून घेतात. तू मला न विचारता वर्षाच्या तांदळाच्या पिंपात कॅमेरा पुरलास. त्या तांदळाला मी किडीसाठी एरंडेल चोळलं होतं, हे तुला कसं माहीत असणार, तू कधी भात शिजवायला तांदूळ काढले होतेस? आठवड्याने कॅमेरा बाहेर आला तो चिकट, आणि लेन्सवर तेलाचा पातळ हात. तू तसाच ओट्याचा फोटो काढलास. पोळ्यांच्या डब्यावर झाकलेलं फडकं, टांगलेले झारे, सगळं धुक्यातून आल्यासारखं. क्लबात त्या एका फोटोला लोक जमले होते म्हणे. कुठला फिल्टर वापरलात विचारलं कुणीतरी. तू खरं सांगितलंस, एरंडेल. त्यांना वाटलं तू थट्टा करतोयस, आणि ते थोडे रागावलेच. त्या रात्री जेवताना तू हसत होतास आणि मी तांदूळ वाया गेले म्हणून ओरडत होते, आणि मग मलाही हसू आलं. इतके आपण क्वचित एकदम हसलोय.

आपलं भांडण त्याच्यानंतरचं. दिव्याला झालेलं.

शोभाताईकडे गेलो होतो. त्यांच्या गल्लीत पाणी नव्हतं, टँकर येणार होता. ड्रम, कळशा, हंडे, तेलाचे रिकामे डबे, सगळी रांग गल्लीच्या टोकापर्यंत. तू कॅमेरा घेऊन खाली उतरलास तो आलाच नाहीस. मी गॅलरीतून बघत होते. तू गुडघ्यावर बसून हंड्यांच्या काठांचे फोटो घेत होतास, आणि एक बाई, कडेवर पोर, पदर खोचलेला, तुझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, फोटो नंतर काढा. आधी हंडा उचला ना, तिसरा मजला आहे माझा."

तू कॅमेरा गळ्यात अडकवलास आणि तिचा हंडा उचललास. मग तिच्या शेजारणीचा. टँकर संपेपर्यंत तू जिने चढत होतास. घरी परतताना तुझी कंबर धरली होती. मी म्हटलं, बाई बरोबर बोलली. तू म्हणालास, हो, बरोबरच बोलली, पण हंडे सुंदर होते हेही खरं. आणि तिथे माझं डोकं फिरलं.

मी काय बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतंय, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाहीये. मी म्हटलं, "तुला जे सुंदर दिसतं ना, ते कुणालातरी उचलावं लागतं, कुणालातरी घासावं लागतं. ओट्यावरची भांडी तुला उजेडात दिसतात. मला ती ढिगात दिसतात. तू फोटो काढून बाजूला होतोस, मग मी पुढे होते."

तू उत्तर दिलं नाहीस. तू भांडणात उत्तर द्यायचाच नाहीस, हा तुझा मोठा दोष. समोरचा बोलून बोलून दमतो.

मग पावसाळ्यात मी बाजारात पाय घसरून पडले आणि मनगट मोडलं. डबे बंद करता येत नव्हते, इतक्या लोकांची जेवणं होती. पोळ्या सावंतवहिनी लाटायच्या, भाजी मी एका हाताने परतायचे, आणि भांडी तू. तू नोकरीतून मोकळा झाला होतास, घरीच होतास. टोप, पराती, कढया, तीस माणसांच्या स्वयंपाकाची भांडी. पहिल्या दिवशी तू ओट्याशी उभा राहिलास आणि मला विचारलंस, कशाने सुरुवात करू? मी म्हटलं, सगळ्यात मोठ्याने, नाहीतर शेवटी ताकद उरत नाही.

तू घासायचास हळू. मला बघवत नसे. कढईचे कान तू कधीच नीट घासले नाहीस. परात विसळताना पाणी एकाच बाजूने सोडायचास, दुसऱ्या काठाला साबण राहायचा. मी सांगायचे, तू हो म्हणायचास, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तू बाहेर गेलास की मी एका हाताने काठ पुसून घ्यायचे. ते तुला माहीत होतं.

एकदा असाच घासता घासता तू मला हाक मारलीस. मी आत पोळ्या मोजत होते.

"अगं, घासतानासुद्धा दिसतं."

"काय?"

"तेच."

मी म्हटलं, महिनाभर घास, मग बोल.

तू महिनाभर घासलीस. प्लास्टर निघालं, त्याच्यानंतरही घासत राहिलास, आणि आपण दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही. महिना झाल्यावर तू काय बोलणार होतास, ते मी विचारलं नाही. मला वाटलं बोलशील कधीतरी. आपल्याला कुठे घाई होती. मग तो मंगळवार आला. ते मी इथे लिहिणार नाही. तू तिथे होतासच.

आता ऐक. देवधरांनी काल मला फोनवर तो फोटो पाठवला, यंदा तू क्लबात दिलेला. हाच लावू ना, असं विचारलंय. मी हा फोटो कधी पाहिलाच नव्हता. बाकीचे सगळे तू मला दाखवायचास. म्हणजे, दाखवायचास म्हणजे माझ्यासमोर धरायचास आणि कसा आलाय हे विचारायचा नाहीस. विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं, म्हणून विचारत नसायचास. हा मात्र तू मला न दाखवता घेऊन गेलास.

आपला ओटा आहे. दुपारचा उत्तरेचा उजेड. टोप पालथे, एकावर एक कललेले, कढई भिंतीला टेकवलेली, आणि पुढे मोठी परात उभी. माणूस कुणी नाही. परातीच्या काठावरून एक पांढरा ओघळ खाली आलाय, चमकतोय, आणि फोटोत पहिली नजर तिथेच जाते. मी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. परीक्षकांना तो उजेड वाटला असेल. तो साबण आहे. आणि कढईच्या उजव्या कानाखाली काळं राहिलंय.

तुझ्या हातची भांडी आहेत ती. मी नंतर पुसून घ्यायच्या आधीची. मला का दाखवला नाहीस, ते मला तेवढ्यात कळलं. दाखवला असतास तर मी बोट ठेवून साबण दाखवला असता. नक्की दाखवला असता.

मी किती वेळ तो फोन हातात धरून बसले ते माहीत नाही. प्रज्ञा आली, म्हणाली, आई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तुझ्या बाबांना परात विसळता येत नव्हती. तिला वाटलं मी रागावलेय. ती म्हणाली, आता तरी सोड गं. मी सोडलं म्हटलं.

शोभाताई आल्या दिवसापासून माझ्या मागे होती. रड गं सुनीता, मोकळी हो, असं मनात ठेवून आजारी पडशील. मला लोकांसमोर जमत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी बोलत होते तेव्हाही मी खीर खाली लागत नाही ना ते बघत होते. तिने बायकांना सांगितलं असणार, आमची सुनीता कडक आहे. असू दे.

पण तुला एक सांगते. तू माझं नुकसान करून ठेवलंयस. परवा वरणाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, तर आतून वाफेचे थेंब सगळे एका बाजूला सरकले, खिडकीकडून उजेड आला आणि ते झाकण... मी म्हटलं, "अरे, हे बघ." तोंडातून गेलंच. स्वयंपाकघरात मी एकटी. झाकण हातात धरून उभी राहिले, ते थेंब टपटप ओट्यावर पडले, आणि संपलं. पूर्वी मला हे दिसायचं नाही. मला पातेलं दिसायचं, वरण दिसायचं, गॅस मोठा आहे की लहान ते दिसायचं. किती बरं होतं. आता दिसतं, आणि दाखवायला कुणी नाही. हे घेऊन मी काय करू? सावंतवहिनींना दाखवू? त्या चांगल्या आहेत, पण त्या म्हणतील, हो बाई, थेंब आहेत.

आता त्या बोर्डाचं. प्रज्ञा म्हणते द्या, बाबांना आवडलं असतं. शोभाताई म्हणते, नाव होईल, पेपरातसुद्धा येईल. मला वाटतं, जे निवडून आलं नाही ते मेला म्हणून का लावायचं? हार घातलेल्या माणसाच्या फोटोला कोण वाईट म्हणणार? येतील, हात जोडतील, पुढे जातील. तुझ्याकडे बघतील, परातीकडे बघणार नाहीत.

पण हा माझा ताठा झाला. तुझा नाही. तुला मी ओळखते. तुला कुणी दाराशी लाव म्हटलं असतं, जिन्याखाली लाव म्हटलं असतं, तरी तू पांढरा शर्ट घालून गेला असतास आणि दिवसभर तिथे बाजूला उभा राहून कोण थांबतंय ते बघत बसला असतास. एक जरी थांबला असता तरी रात्री आनंदाने जेवला असतास. मी नाही म्हटलं तर माझी मान ताठ राहील आणि तुझा फोटो पुन्हा पाकिटातून परत येईल. आणखी एकदा. शेवटचा. आणि मी हो म्हटलं तर तू बघायला नाहीस. म्हणजे मी काहीही केलं तरी ते तुझ्या उपयोगाचं नाही. हे मला आत्ता, मध्येच उठून जाळ्या घासताना कळलं. एवढे दिवस मी सगळं तुझ्यासाठी म्हणूनच करत होते, तुझे कपडे धुऊन ठेवले, चष्मा पुसून ठेवला.

जाळ्या झाल्या. वाळत घातल्यात. एक बसवून बघितली, खिडकीतून पलीकडची इमारत स्वच्छ दिसतेय. यापुढे लिहवत नाही.

सोमवार.

सकाळी डबे लवकर केले. कोबी, आमटी, पोळ्या. सगळे डबे गेल्यावर देवधरांना फोन लावला. म्हटलं, लावा. हार घालायचा तर घाला, मला त्याचं काही नाही. फोटो मात्र मोठा लावा, कडा कापू नका, परातीचा काठ पूर्ण आला पाहिजे. ते हो हो म्हणाले. मग विचारलं, खाली नाव काय लिहायचं?

मी म्हटलं, "भांडी घासणारा आणि छायाचित्रकार, म्हणून त्याचं नाव लिहा."

ते म्हणाले, वहिनी, असं लिहायची पद्धत नाही, लोकांना विचित्र वाटेल. मी म्हटलं, वाटू दे, लिहायचं नसेल तर फोटो परत पाठवा.

"लिहितो, वहिनी."

"आधी भांडी लिहा. फोटो नंतर. ते त्याच क्रमाने झालं होतं."

हो म्हणाले. मी फोन ठेवला. डब्यांची सगळी भांडी ओट्यावर पडली होती, कढईला कोबी चिकटला होता. मी ती तशीच ठेवली, तिथेच खाली फरशीवर बसले, आणि दुपारपर्यंत उठले नाही.